साडेसदतीस मिलिमीटरची रेल्वे

दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात हे आपण शिकवतोच. भारतातल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेमार्गांचे १४३५. आज ज्या गेजबद्दल आम्ही लिहिणार आहोत ते आहे साडेसदतीस मिलिमीटरचे. ते कोणत्याही खऱ्या रेल्वेवरून ठरलेले नाही. ते ठरले खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटेवरून, १९६६ साली. त्या वर्षी ज्या मुलांना ही गाडी मिळाली ती आता साठीच्या पुढे आहेत. त्यांतली काही आजही ती गाडी चालवतात, इतकेच नव्हे तर नव्या गाड्याही बांधतात. हा पोरखेळ नाही. विजेचे मंडल, घर्षण, प्रमाण आणि वर्तुळाची भूमिती असा बराच अभ्यासक्रम त्यात लपलेला आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगावासा वाटतो.

डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहान गावात ओले किर्क क्रिस्टियान्सेन नावाचा सुतार होता. मंदीच्या काळात, १९३२ साली, घरबांधणीची कामे मिळेनात तेव्हा तो लाकडी खेळणी करू लागला. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने आपल्या मालाला 'लेगो' हे नाव दिले. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्याने वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू घडवणारे यंत्र विकत घेतले आणि १९४९ मध्ये एकमेकांवर बसणाऱ्या विटा बाजारात आणल्या. कल्पना मात्र त्याची नव्हती. इंग्लंडमधल्या हिलरी पेज यांनी तशा विटा आधीच केल्या होत्या आणि लेगोची वीट त्यांच्यावरूनच बेतलेली होती. पेज १९५७ साली वारले. त्यांच्या विटांचे उरलेसुरले हक्क लेगोने पुढे १९८१ मध्ये विकत घेतले. शोधाचे श्रेय कुणाला द्यायचे हा प्रश्न खेळण्यांनाही चुकत नाही!

पहिल्या विटा आतून पोकळ होत्या. एकावर एक बसत, पण सहज सुटतही. १९५८ साली ओले किर्क यांचा मुलगा गॉटफ्रेड याने विटेच्या पोटात नळ्या बसवण्याचे पेटंट घेतले. खालच्या विटेवरची गोल खुंटी वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्यामध्ये चेपून बसते आणि केवळ घर्षणामुळे धरून राहते. हे साधायचे तर साचा मिलिमीटरच्या शतांशाइतकाही चुकून चालत नाही. सुरुवातीचे सेल्युलोज ॲसिटेट हे प्लॅस्टिक काळाने वाकडे होई. १९६३ पासून त्याच्या जागी ए.बी.एस. हे अधिक टणक प्लॅस्टिक वापरात आले. दोन खुंट्यांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. हे अंतर तेव्हापासून बदललेले नाही. आमच्या मते ही या सगळ्या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची बाब आहे, कारण रेल्वेचे गेज त्यातूनच निघाले. दोन्ही रुळांचे मध्य पाच खुंट्यांवर, म्हणजे ४० मिलिमीटरवर ठेवले. त्यातून रुळाची जाडी वजा केली की आतले अंतर साडेसदतीस उरते.

१९६६ ची गाडी साधी होती. निळे रूळ सुटे मिळत. ते पांढऱ्या स्लीपरांवर आपल्या हाताने दाबून बसवायचे. तीन सेलांची साडेचार व्होल्टची पेटी इंजिनामागच्या डब्यात असे. १९६८ मध्ये शिट्टीच्या आवाजाने थांबणारी आणि सुटणारी गाडीही निघाली. (आई-वडिलांचे काय झाले असेल याची कल्पना करावी.) सेल लवकर संपत, म्हणून १९६९ मध्ये घरच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर लावून चालणारी १२ व्होल्टची गाडी आली. तिच्यासाठी दोन रुळांच्या मध्ये वीज वाहणाऱ्या आणखी दोन पट्ट्या टाकाव्या लागत. १९८० मध्ये रूळ राखाडी झाले आणि बसल्या जागेवरून बटण दाबून सांधे बदलण्याची, सिग्नल पाडण्याची सोय झाली. मग १९९१ मध्ये मधल्या पट्ट्या गेल्या. आता रुळांच्या माथ्यावरच पातळ धातू मढवला होता, वीज ९ व्होल्टची होती आणि ती चाकांतून थेट मोटरला मिळे.

हा शेवटचा बदल बहुधा हौशी प्रौढांचा सर्वांत लाडका. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एका रुळातून वीज जाते, मोटरमधून दुसऱ्या रुळात येते आणि परत फिरते. म्हणजे रूळ हेच मंडल. एका गाडीला दोन मोटरी लावल्या तर त्या आपोआप समांतर जोडणीत येतात. वेगळी तार नको, वेगळा सेल नको. पण फार लांब मार्ग केला की टोकाला गाडी मंदावते, कारण रुळांच्या प्रत्येक जोडापाशी थोडा रोध वाढत जातो. उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन ठिकाणी स्वतंत्र तारा नेणे. आणखी एक गंमत वर्गात फळ्यावर करता येईल. टेनिसच्या रॅकेटसारखा मार्ग काढा: गाडी दांड्यावरून जाते, गोलाला वळसा घालते आणि पुन्हा त्याच दांड्यावर परत येते. डावा रूळ तांबड्या खडूने, उजवा निळ्या खडूने काढत जा. गोल पूर्ण होऊन सांध्यापाशी पोचलात की तांबडा रूळ निळ्याला चिकटलेला दिसेल. खऱ्या रुळांवर तिथे शॉर्टसर्किट होते. हौशी मंडळी गोलाचा एक तुकडा विजेपासून अलग करून आणि त्यात वेगळी कळ बसवून हा पेच सोडवतात.

१९९० च्या दशकातच हा छंद प्रौढांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. विटांशी खेळणारी मुले बारा-चौदा वर्षांची झाली की खेळणी माळ्यावर जातात. मग कधीतरी तिशी-चाळिशीत, बहुधा स्वतःच्या मुलांच्या निमित्ताने, ती खाली येतात. मधल्या काळाला ही मंडळी आपल्या बोलीत 'अंधारयुग' म्हणतात. अमेरिका आणि युरोपात अशा लोकांची मंडळे स्थापन झाली. प्रत्येकाने आपला तुकडा ठरलेल्या मापात घरी बांधायचा आणि प्रदर्शनात सगळे तुकडे जोडून एक गाव, एक यार्ड, एक पूल उभा करायचा, ही पद्धत पडली.

त्यांच्यात दोन प्रकार दिसतात. काही संग्राहक असतात. १९९१ ची मेट्रोलायनर ही प्रवासी गाडी न उघडलेल्या खोक्यात ठेवणे यात त्यांना आनंद. काही बांधणारे असतात, त्यांना खोके म्हणजे फक्त सुटे भाग. २००१ मध्ये कंपनीने मेट्रोलायनर पुन्हा विक्रीला काढली तेव्हा बांधणाऱ्यांची चंगळ झाली. दुर्मीळतेवर भरवसा ठेवणाऱ्यांना तितका आनंद झाला नसावा. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या 'सांता फे सुपर चीफ' या प्रसिद्ध गाडीचे इंजिन बाजारात आले. त्याचा आराखडा कंपनीबाहेरच्या एका हौशी प्रौढाचा होता. ज्याला आपण गिऱ्हाईक म्हणतो तो असा कारखान्याच्या आत जाऊन पोचला.

पण याच सुमारास कंपनी बुडायला आली होती. २००३ आणि २००४ या वर्षांत मोठा तोटा झाला आणि खर्चाची काटछाट सुरू झाली. २००६ मध्ये नवी गाडी आली तिचे रूळ नुसते प्लॅस्टिकचे होते. इंजिनाच्या पोटात सहा सेल आणि हातात अवरक्त किरणांचे यंत्र. दोन्ही पद्धती काही काळ शेजारी चालतील असे वाटत असतानाच, २००७ मध्ये ९ व्होल्टची पद्धत बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले.

ज्यांनी पंधरा वर्षे धातूचे रूळ जमवले होते त्यांच्यावर काय प्रसंग आला हे ध्यानात घ्यावे. रूळ झिजतात, मोटर जळते आणि ती सीलबंद असल्याने सहज उघडत नाही. नवे मिळणार नसेल तर चालत्या गाडीचे शोभेच्या वस्तूत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. कंपनीची बाजूही समजण्यासारखी आहे: मुलांना रिमोट हवा होता, आणि धातू मढवलेले रूळ स्वस्तात होत नाहीत. तरीही एक प्रश्न उरतोच. वस्तू विकली गेल्यावर तिचे आयुष्य किती, हे कुणी ठरवायचे?

त्याला उत्तर म्हणून हौशी लोकांनी तक्रारी तर केल्याच, पण त्याहून जास्त हात चालवले. जळक्या मोटरी जपून उघडून दुरुस्त करण्याच्या युक्त्या त्यांनी एकमेकांना शिकवल्या. पिवळ्या पडलेल्या विटा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाच्या साहाय्याने पांढऱ्या केल्या. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी लहान कारखाने काढून धातूचे रूळ नव्याने बनवायला घेतले. ज्यांना सेलची पद्धत पत्करावी लागली त्यांना तिचा एक फायदाही सापडला. सेलच्या वजनाने चालकचाकांवरचा दाब वाढतो, घर्षण वाढते आणि इंजिन घसरत नाही. आपल्या रेल्वेचे वॅप-७ हे विजेचे इंजिन १२३ टन वजनाचे आहे, त्यामागेही हाच विचार आहे. रॅकेटचा पेचही सेलच्या गाडीला पडत नाही. कंपनीने पुढे २००९ मध्ये आणि २०१८ मध्ये विजेची सामग्री आणखी दोनदा बदलली. गेज मात्र तेच. १९६६ चा डबा आजच्या रुळांवर ठेवला तर चालतो. साठ वर्षे जुना सेलचा डबा किंवा प्लग असा कुठे बसतो का, पाहा.

आता बांधणाऱ्यांच्या खऱ्या डोकेदुखीकडे येऊ. लघुरेल्वेचा जुना छंद प्रमाणापासून सुरू होतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी मुलांना दाखवले असेल. तिथल्यासारख्या गाड्यांचे प्रमाण १:८७ असते. १४३५ ला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे रुळांतले अंतर मिळते. डबा, खिडकी, माणूस, सगळे त्याच हिशेबाने. विटांच्या रेल्वेत गेज आधी आले, प्रमाण मागून शोधावे लागते. १४३५ भागिले साडेसदतीस म्हणजे प्रमाण साधारण १:३८. त्या मापाने तीन मीटर रुंदीचा डबा ७८ मिलिमीटर, जवळजवळ दहा खुंट्यांचा हवा. कंपनीचे डबे बहुतेक सहा खुंट्यांचे, म्हणजे ४८ मिलिमीटरचे. मुलांच्या हाताला आणि लहान वळणांना ते बरे पडतात. प्रौढांना ते डोळ्यात खुपतात. म्हणून अनेकांनी आठ खुंट्यांवर तडजोड केली.

बाजूचा उतार, खिडक्यांखालची रंगीत पट्टी असे बारकावे काढायला विटा आडव्या वळवाव्या लागतात. तिथे मापाचा एक योग कामी येतो. पातळ विटेची उंची ३.२ मिलिमीटर. अशा पाच एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन खुंट्या. मूळ रचनाकारांच्या मनात हे होते की नाही, आडवी बांधणी मात्र या एका समीकरणावर उभी आहे.

आपल्या गाडीचा हिशेब करून पाहू. १६७६ ला साडेसदतीसने भागले तर प्रमाण १:४५ येते. निळ्या रंगाचा आपला परिचित जुना डबा सव्वातीन मीटर रुंद. तो ७२ मिलिमीटरचा, म्हणजे नेमका नऊ खुंट्यांचा होतो. रुंदी छान जुळली, फक्त संख्या विषम आली. डब्याचा मध्य खुंटीवर येतो आणि सम संख्येच्या विटा त्यावर नीट बसत नाहीत. त्यासाठी मध्यभागी एकच खुंटी असलेली पातळ वीट मिळते, ती वापरून अर्ध्या खुंटीने सरकता येते.

लांबी मात्र ऐकत नाही. एकवीस मीटरचा डबा ४७ सेंटिमीटर होतो आणि त्याच्या दोन बोगींच्या मध्यांतले अंतर ३३ सेंटिमीटर. कंपनीच्या वळणाची त्रिज्या ४० खुंट्या, म्हणजे ३२ सेंटिमीटर. पायथागोरसचा सिद्धांत लावा: त्या वळणावर डब्याचा मध्य रुळांच्या मध्यापासून साडेचार सेंटिमीटर आत जातो. डब्याची निम्मी रुंदी ३.६ सेंटिमीटर आहे, तेव्हा डब्याचा मधला भाग रुळांच्या मध्यरेषेवर उरतच नाही! हौशी कारखानदारांनी १०४ खुंट्या त्रिज्येची वळणे काढली आहेत. तिथे हेच अंतर १.६ सेंटिमीटर येते आणि गाडी गाडीसारखी दिसते. खऱ्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. १:४५ ने ती जवळजवळ चार मीटर होते, म्हणजे पुरा गोल टाकायला आठ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. एवढी खोली घरात कुणाकडे असणार? म्हणून ही मंडळी प्रदर्शनासाठी सार्वजनिक सभागृहे शोधतात, आणि सुट्टीत शाळेचे मिळाले तर तेही चालते.