विहिरीतला सायक्लॉप्स

1860 साली विहार तलाव पुरा झाला आणि साष्टीच्या डोंगरातले पाणी नळाने मुंबईत पोचले. तलाव आजच्या उपनगरात, पाणी मात्र शहराला! मरोळ, मुलुंड, बोरिवलीकडची गावे त्यानंतरही कितीतरी वर्षे विहिरींवर आणि तळ्यांवरच जगली.

विहिरीच्या पाण्यात तेव्हा नारूची धास्ती असे. पायाला फोड यायचा, त्यातून हातभर, कधी त्याहून लांब जंत बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा, तुटला तर जखम चिघळायची. 1850च्या दशकात मुंबईतल्या हेन्री कार्टर या डॉक्टरने तळ्यांतले सूक्ष्म कृमी तपासले. ते कातडीतून शरीरात शिरत असावेत, असा त्याचा कयास होता. खरी वाट 1870च्या सुमारास रशियन संशोधक फेदचेन्को याला मध्य आशियातल्या तुर्कस्तानात सापडली: नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात आणि तो पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो. सायक्लॉप्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा प्राणीप्लवक. पाणी फडक्याने गाळून पिण्याची जुनी रीत किती मोलाची होती, हे यावरून कळते.

पुढे विहिरींत औषध पडू लागले. 1980च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त झाल्या, हातपंप बसले, आणि लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात टेमिफॉस पाण्यात मिसळले गेले. 1996 साली राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. सार्वजनिक आरोग्याचा हा विजय निर्विवाद आहे.

पण त्याच औषधाने एक गोष्ट दाखवून दिली. टेमिफॉस हे ऑर्गनोफॉस्फरस कुळातले आणि शेतात फवारले जाणारे क्लोरपायरिफॉस त्याचेच भाऊबंद. मज्जातंतूंचा संदेश थांबवणारे विकर ही रसायने निकामी करतात. पाण्यात पोचलेल्या फवाऱ्याला रोगवाहक सायक्लॉप्स कोणता आणि निरुपद्रवी डाफ्निया, म्हणजे पाणपिसू, कोणता, हे कळत नाही. डाफ्निया तर इतका नाजूक की रसायनांच्या विषारीपणाची 48 तासांची एक चाचणी जगभर त्याच्यावर घेतली जाते. तो संपला की त्याचे खाद्य असलेले शेवाळ माजते, माशांच्या पिल्लांचा घास जातो.

आणि सायक्लॉप्सही केवळ शत्रू नव्हे. त्याच गोतातला मेसोसायक्लॉप्स डासांच्या अळ्या खातो. व्हिएतनामात डेंग्यूविरुद्ध तो मुद्दाम पाण्यात सोडला गेला. मुंबईत मात्र महापालिकेचा कीटकनाशक विभाग डासांच्या अळ्यांसाठी टेमिफॉस वापरत आला आहे.

विहार आणि तुळशी तलावांच्या पाणलोटात आज जंगल आहे. पण अंधेरी-घाटकोपरच्या नळाला येणारे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा अशा लांबच्या धरणांचे असते, आणि त्या खोऱ्यांत भातशेती आहे. तिथल्या पाण्याच्या तपासणीत जंतू मोजताना डाफ्नियाही मोजायला हवेत, आणि ते पावसाळ्यात, फवारणीनंतरच्या पहिल्या पुरातच.