एका मापाची फौज

नांदूरघाटाच्या पश्चिमेला खर्डा आणि पूर्वेला अंबाजोगाई. बालाघाटाच्या या एवढ्याशा पट्ट्यात एका मोठ्या लष्करी कल्पनेचे दोन टप्पे पाहायला मिळतात. वेगवेगळ्या धन्यांच्या फौजा एका बाजूने लढणार असतील, तर त्यांची हत्यारं, कवायत, पगार आणि शिस्त एकाच मापाची असावी, ही ती कल्पना. आज तिचा विषय निघाला की नाटो आठवतं, तिथल्या समित्या आणि काडतुसांच्या चाचण्या आठवतात. पण नाटो १९४९ सालचं. त्याच्या दीडशे वर्षं आधी खर्ड्याच्या रणात या मापाची उणीव दिसली होती आणि पुढे मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या छावणीत ते माप स्वारांच्या अंगावर चढवलं गेलं. आपल्या बीड जिल्ह्याच्या इतिहासात हे क्वचितच सांगितलं जातं, याची मला खरोखर खंत वाटते.

खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची. पेशवे सवाई माधवराव जातीने हजर, कारभार नाना फडणिसांचा, सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे एका निशाणाखाली आले, आणि तसे ते पुन्हा कधीच आले नाहीत. पण या एका सैन्यात किती तऱ्हा होत्या! शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती ब्रिगेडी, डी बॉयन या युरोपियन सेनानीने घडवलेले. त्यांच्या बंदुका आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली ओतल्या-घडवल्या जात आणि एक बंदूक दहा रुपयांना पडे. खर्ड्याला या कंपूंचा म्होरक्या होता पेरों. होळकरांकडे दुद्रनेकच्या कवायती पलटणी, भोसल्यांकडे अग्निबाणांचा मारा करणारे लोक, आणि बाकी सारी घोडदळाची पारंपरिक फौज. समोर निजामाकडेही फ्रेंच रेमंडच्या पलटणी होत्या. म्हणजे पेरों आणि रेमंड यांच्या शिपायांना एकमेकांची कवायत जितकी ओळखीची होती, तितकी ती शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच बाजूच्या स्वारांना नव्हती.

मोजमाप मराठी फौजेतही होतं. सरंजामाच्या बदल्यात सरदाराने किती स्वार ठेवायचे ते ठरलेलं असे. गणतीच्या वेळी स्वाराची चेहरेपट्टी लिहून घेत, घोड्याचा रंग आणि खुणा टिपत, डाग तपासत. गणतीपुरते उसने घोडे आणून आकडा भरण्याची लबाडीही तितकीच जुनी. पण ही तपासणी संख्येची होती. दोन सरदारांचे लोक एकाच इशाऱ्यावर वळतील का, एकाचा दारूगोळा संपला तर दुसऱ्याचा त्याच्या बंदुकीत बसेल का, हे कोणी तपासत नव्हतं. खर्ड्याला विजय मिळाला आणि हा प्रश्न झाकला गेला. आठ वर्षांनी असईच्या रणात ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध शिंदे आणि भोसले एकत्र होते, होळकर आलेच नाहीत.

निजामाने मात्र खर्ड्याचा पराभव मनावर घेतला. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. सप्टेंबरमध्ये कंपनीशी तैनाती फौजेचा तह झाला आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंच पलटणींची हत्यारं काढून घेतली गेली. १८०० च्या तहात आणखी एक कलम आलं. युद्ध झालं तर निजामाने तैनाती फौजेखेरीज स्वतःचे ६,००० पायदळ आणि ९,००० स्वार कंपनीच्या मदतीला द्यायचे. आकडा ठरला, गुणवत्ता ठरली नाही. १८०३ च्या मोहिमेत कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याने निजामाच्या अंमलदारांबद्दल वारंवार तक्रारी केल्या, त्यांचं मूळ इथे होतं. दोस्ताने कबूल केलेली माणसं येतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही, ही प्रत्येक आघाडीची पहिली अडचण असते.

तोडगा निघाला तो बंडातून. हैदराबादेत पलटणींचे पगार थकले होते आणि १८१२ साली त्या बिथरल्या. कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाचा पेशकार चंदुलाल याच्याकडून मान्यता मिळवली, की निजामाच्या काही पलटणी कंपनीच्या पलटणींसारख्याच बांधायच्या. हत्यार तेच, कपडे तेच, कवायत तीच आणि पगार वेळेवर. हीच रसेल ब्रिगेड, पुढच्या हैदराबाद कंटिंजंटचं बीज. या चारांतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कोणती असं मला विचाराल, तर मी पगार म्हणेन. बंदूक सारखी करायला कारखाना पुरतो. सहा महिने दमडी न मिळालेला शिपाई आणि महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून घेणारा शिपाई एका ओळीत उभे केले, तर ती ओळ पहिल्याच गोळीला तुटते.

घोडदळाची गोष्ट निराळी होती. निजामाच्या राज्यातले रिसाले शिलेदारी पद्धतीचे. घोडा स्वाराचा, खोगीर त्याचं, तलवार त्याची, चंदी-वैरण त्याने बघायची; सरकार महिन्याला ठरावीक रक्कम देणार. घोडा मेला तर नुकसान स्वाराचं. या लोकांना एका मापात बसवायचं म्हणजे त्यांच्या मालकीच्या वस्तूंना हात घालायचा. १८१६ च्या सुमाराला इव्हान डेव्हिस या अधिकाऱ्याने या रिसाल्यांची नव्याने बांधणी केली. शिलेदारी ठेवली, पण घोड्याची पारख, पेहराव आणि हजेरी यांचे नियम घातले. पुढे मोमिनाबाद हे या घोडदळाचं एक मुख्य ठाणं झालं.

याच मोमिनाबादला १८२७ साली डेव्हिसचा अंत झाला. कारण होतं दाढी. स्वारांनी दाढ्या ठरावीक बेताने कापाव्यात असा हुकूम निघाला. मुसलमान स्वारांना तो इमानावरचा घाला वाटला, रिसाल्यात बंड उठलं आणि ज्याने हे घोडदळ उभं केलं त्यालाच त्याच्या स्वारांनी ठार मारलं. घोड्याची उंची, भाल्याची लांबी, हजेरीची वेळ, हे सगळं ज्यांनी मुकाट मान्य केलं होतं, ते दाढीपाशी अडले. मापाची रेघ कुठे थांबायला हवी, हे बीड जिल्ह्यातल्या त्या छावणीत रक्त सांडून ठरलं. तीस वर्षांनंतर काडतुसावरच्या चरबीने उत्तर हिंदुस्थान पेटला, त्याची चाहूल इथे आधीच लागली होती. ती कोणी ऐकली नाही.

आता खर्चाकडे येऊ, कारण या कथेचं खरं दुखणं तिथे आहे. कंटिंजंटचे अधिकारी कंपनीचे, हुकूम रेसिडेंटचा, पैसा निजामाचा. चंदुलालने पामर कंपनीच्या पेढीकडून उसनवारी करून पगार भागवले. कर्ज फुगत गेलं. अखेर मे १८५३ मध्ये डलहौसीने निजाम नासिरुद्दौलाकडून नवा तह लिहून घेतला. कंटिंजंटमध्ये किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि ४ तोफखाने राहतील असं ठरलं आणि त्याच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. रायचूर आणि नळदुर्ग १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड कधीच परत आलं नाही. १९०२ मध्ये कर्झनने ते सालीना २५ लाख रुपयांवर कायमचं भाड्याने घेतलं. दोस्ताच्या मापाची फौज पोसताना निजामाच्या हातून कापसाचा अख्खा प्रांत गेला.

१८५७ च्या जून महिन्यात मोमिनाबादहून औरंगाबादला हलवलेला कंटिंजंटचा पहिला रिसाला बिथरला. आपल्याला दिल्लीच्या बादशहाशी लढायला नेणार, अशी बातमी पसरली होती. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि बंड मोडलं गेलं. कित्येकांना देहदंड झाला. औरंगाबादचा काळा चबुतरा, आजचा क्रांती चौक, ही त्याचीच आठवण. त्याच कंटिंजंटच्या इतर पलटणी पुढच्या वर्षी ह्यू रोजच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात झाशीच्या राणीच्या आणि तात्या टोप्यांच्या विरुद्ध लढल्या. एकाच मापाने घडवलेली माणसं, पण मन मात्र एकाच साच्यातलं निघालं नाही. मला यात त्या शिपायांचा दोष दिसत नाही.

पुढचा टप्पा सगळ्या संस्थानांचा. १८८७ मध्ये निजाम महबूब अली खानाने सरहद्दीच्या संरक्षणासाठी ६० लाख रुपये देऊ केले. त्यातून चर्चा सुरू झाली आणि १८८९ पासून इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्सची योजना आली. संस्थानाने आपल्या फौजेचा एक भाग ब्रिटिश हिंदी सैन्याच्या बरोबरीचा तयार ठेवायचा. अधिकारी हिंदीच, पण तपासायला ब्रिटिश इन्स्पेक्टिंग ऑफिसर येणार. नेमबाजी, घोडेस्वारी, हत्यारांची निगा यांची दरसाल पारख. डाग पाहून घोडा ओळखणारी जुनी गणती आता गोळी कुठे लागली ते मोजू लागली. या योजनेतले हैदराबादचे भालाईत पहिल्या महायुद्धात १५ व्या इंपीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडमध्ये जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाइतांबरोबर होते. २३ सप्टेंबर १९१८ ला याच ब्रिगेडने हैफा घेतलं. चढाई जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांची, पण दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती हैदराबादची आहे. तीन संस्थानं, तीन राजे, आणि परमुलखात एका ब्रिगेडियरच्या हुकमाखाली एकसंध हालचाल. मापाची कल्पना आपल्या माणसांनी इतक्या उत्तम रीतीने क्वचितच सिद्ध केली असेल.

युद्धानंतर संस्थानी फौजांची अ, ब, क अशी प्रतवारी झाली. अ म्हणजे रचना आणि हत्यारं हिंदी सैन्यासारखी, ब म्हणजे एक पायरी जुनी, क म्हणजे गावठी रखवालदार. कंटिंजंट मात्र १९०३ मध्येच हिंदी सैन्यात विरून गेलं होतं. त्याचे रिसाले २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी आणि ३० वी लान्सर्स झाले. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले सरसावून दौडले ते याच डेक्कन हॉर्सचे स्वार, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला शेर्मन रणगाडे घेऊन उभी राहिली तीही हीच डेक्कन हॉर्स. पायदळाच्या पलटणींची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. कुमाऊंच्या भरतीमुळे तिचं रूप बदलत गेलं आणि २७ ऑक्टोबर १९४५ ला तिचं नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामच्या लढाईसाठी. त्यांची ४ कुमाऊं ही पलटण अचलपूरच्या नवाब सलाबतखानाने १७८८ मध्ये उभारलेल्या फौजेची वारस. राणीखेतच्या देवदारांत नांदणाऱ्या या रेजिमेंटचं कूळ असं वऱ्हाडात आणि मराठवाड्यात आहे.

नाटोचा मार्ग यापेक्षा वेगळा, तरी पहिली ठेच तशीच लागली. ब्रिटिशांनी रायफलीसाठी .२८० इंचाचं हलकं काडतूस तयार केलं होतं. अमेरिकेने नकार दिला आणि १९५४ मध्ये तिच्या पसंतीचं ७.६२ गुणिले ५१ मिलिमीटर हे सर्वांचं काडतूस ठरलं. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकाच ५.५६ मिलिमीटरकडे वळली. मग नव्याने चाचण्या झाल्या आणि १९८० मध्ये बेल्जियमची एसएस १०९ गोळी मान्य झाली. ज्याची तिजोरी मोठी त्याचा शब्द जड, हे तिथेही आहेच. पण तिथे प्रत्येक देश करारावर सही करताना आपली हरकत लिहून ठेवू शकतो. मोमिनाबादच्या स्वाराला आणि त्याच्या निजामालाही ही सोय नव्हती, आणि माझ्या मते दोन्ही व्यवस्थांतला सगळ्यांत मोठा फरक हाच.

भारत नाटोत नाही. तरी १९६२ च्या युद्धानंतर आपण तेच ७.६२ काडतूस घेतलं. ईशापूरला रायफल बनू लागली आणि काडतुसांसाठी १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना निघाला. पुढे पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने इन्सास रायफल रचली तीही ५.५६ वर. तोफांच्या बाबतीत तर १५५ मिलिमीटर हे मूळचं फ्रेंच माप जगाने उचललं आणि आपणही. मात्र लांब पल्ल्याच्या ५२ कॅलिबर तोफेसाठी काही नाटो देशांनी दारू जळण्याच्या कोठ्याचं घनफळ २३ लिटर ठरवलं असताना, एआरडीईने २०१३ पासून विकसित केलेल्या एटॅग्ज तोफेला २५ लिटरचा कोठा दिला. नळी जगाच्या मापाची आणि कोठा त्याहून मोठा, म्हणून पल्ला ४५ किलोमीटरच्या पलीकडे गेला. मार्च २०२५ मध्ये भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी अशा ३०७ तोफांचा करार झाला.