किशोरवयीनांचा रक्तदाब : परिणाम करणारे घटक
१० ते १९ या वयात शरीर वाढते तसा रक्तदाबही वाढत जातो. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचेच आकडे लागू होतात: १२०/८० च्या खाली सामान्य, १३०/८० पासून पुढे उच्च (अमेरिकन बालरोग अकादमी, २०१७). त्याआधी वय, लिंग आणि उंचीचा तक्ता पाहावा लागतो. २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील सुमारे ५ टक्के किशोरवयीनांना उच्च रक्तदाब आढळला.

घरात पहिला संशय अभ्यासाच्या टेन्शनवर जातो. खरा मोठा वाटा वाढत्या वजनाचा, त्यातही पोटावरच्या चरबीचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आजचे वजन सारखे धरले तर, जन्मतः कमी वजनाच्या मुलांचा वरचा रक्तदाब अधिक निघाला. काडीसारखे जन्मलेले मूल पुढे गुबगुबीत झाले की आजी खूश होते. डॉक्टरांनी मात्र अशाच मुलाकडे जास्त लक्ष द्यावे.

दुसरा घटक मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभरही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या वसाहतीतला दिवस पाहावा: सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, परतताना गाड्यावरची कचोरी, रात्री भाजीसोबत पापड आणि लोणचे. पापडखारातही सोडियम असतेच, ते कुणी मोजत नाही. मैदानासाठी वेळ उरत नाही आणि मोबाइलमुळे झोप तुटते. आईवडिलांना बीपी असणे, तंबाखू (राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी पुड्या मिळतातच) आणि एनर्जी ड्रिंकमधले कॅफीन हेही घटक आहेत. लहान वयात दाब फारच चढलेला असेल तर मूत्रपिंडाचा आजार आधी तपासतात.

मोजण्यातली चूक हाही एक घटकच म्हणायला हवा. जिना चढून आलेल्या मुलाच्या जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला तर आकडा उगाच चढतो. मुलाला पाच मिनिटे पाठ टेकवून बसवावे, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत बांधावा. वेगवेगळ्या तीन भेटींत दाब चढलेलाच निघाला तरच निदान पक्के धरतात.