डोंगराआधी येणारा आवाज

विमानात काहीही बिघाड नसताना, ते पूर्णपणे वैमानिकाच्या ताब्यात असताना डोंगरावर जाऊन आदळणे, हा प्रवासी विमान वाहतुकीतला जुना आणि दीर्घकाळ सर्वांत घातक ठरलेला अपघात. सह्याद्रीने तो पाहिला आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ विमान जुन्नर भागातल्या डोंगरावर सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले. आतले सर्व ९४ जण गेले. मुंबई जवळ आली अशा समजुतीने वैमानिकांनी विमान खाली आणायला सुरुवात केली होती. विमानतळ अजून ऐंशीहून जास्त किलोमीटर दूर होता. मुंबईहून निघून जिनिव्हाला उतरू पाहणारे एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले, तेव्हाही चूक अशीच होती. शिखर मागे पडले असे वैमानिकांना वाटले, ते पुढेच होते. डॉ. होमी भाभांसह ११७ जण त्यात मृत्युमुखी पडले.

ही चूक उंचीमापकावर दिसत नसे. तो हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. काटा चार हजार फूट दाखवत असेल आणि खालचा डोंगर साडेतीन हजार फुटांचा असेल, तर उरलेले अंतर केवळ पाचशे फूट. ते अंतर काट्यावर कुठेच उमटत नाही. रात्री, ढगात, पावसात ते वैमानिकाने नकाशावरून मनात धरायचे असते, आणि नकाशावर आपण नेमके कुठे आहोत हेच चुकले तर पुढचे सगळे गणित कोसळते.

विमानाच्या पोटातून खाली रेडिओ लहर सोडायची, ती जमिनीवरून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून खरे अंतर मोजायचे, हे तंत्र तोवर हाताशी आले होते. त्याला इशाऱ्याची जोड देण्याचे काम कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत सिॲटल परिसरात काम करणारे अभियंते डॉन बेटमन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतले. विमान फार वेगाने खाली येत असेल, किंवा खालची जमीन झपाट्याने वर येत असेल, तर यंत्राने ओरडून सांगायचे. पुढे त्या ओरडण्याला शब्द मिळाले: ‘पुल अप’, म्हणजे विमान वर खेच.

विमान कंपन्यांनी हे यंत्र आपणहून फारसे स्वीकारले नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे निघालेले टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे बोइंग ७२७ व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळून ९२ जण ठार झाले. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे लगेच किती खाली यायचे, याचा अर्थ वैमानिक आणि नियंत्रक यांनी वेगवेगळा लावला होता. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने मोठ्या जेट विमानांवर हे यंत्र सक्तीचे केले आणि कंपन्यांना वर्षभराची मुदत दिली.

यंत्र बसले, पण त्याचे ऐकण्याची सवय लगेच बसली नाही. याला वैमानिकांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल. सुरुवातीची यंत्रे खोटे इशारे पुष्कळ देत. एखाद्या टेकडीवरून रोज सुखरूप उतरणाऱ्या माणसाला रोज तोच आवाज ऐकू आला, की तो आवाज कॉकपिटच्या नेहमीच्या गोंगाटात जमा होतो. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी माद्रिदजवळ अवियांका कंपनीचे बोइंग ७४७ टेकड्यांवर आदळले आणि १८१ जण मेले. ठरलेल्या एका खुणेवर उंची ३,२८२ फूट हवी होती. कॉकपिटमध्ये वाचली गेली २,३८२. दोन आकडे आपसात बदलले आणि नऊशे फूट नाहीसे झाले. इशारा वाजला होता, पण विमान वर खेचले गेले नाही.

दुसरी उणीव यंत्राचीच होती. ते फक्त खाली पाहत असे. समोर उभा कडा असेल तर जमीन वर येऊ लागेपर्यंत त्याला पत्ता नसे. चाके आणि पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली घेऊन बेताच्या वेगाने उतरणारे विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकणार असेल, तर ते उतरतच आहे असे धरून यंत्र बहुधा गप्प राही. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळले, तेव्हा इशारा आणि टक्कर यांत सुमारे बारा सेकंद होते. वैमानिकांनी पूर्ण जोर लावून नाक वर उचलले, पण वेग कमी करण्यासाठी पंखांवर उघडलेल्या फळ्या तशाच राहिल्या. १५९ जण ठार झाले.

बेटमन यांनी यावर शोधलेला उपाय साधा आणि प्रचंड कष्टाचा होता: सगळ्या पृथ्वीचा उंचसखलपणा यंत्राच्या पोटात भरायचा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले लष्करी नकाशे विकत घेऊन मोठी पोकळी भरण्यात आली. १९९६ पासून ही सुधारित यंत्रे विमानांत येऊ लागली. उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखायची, नकाशाशी ताडून पाहायची आणि पुढचा डोंगर सुमारे मिनिटभर आधी सांगायचा, अशी ही रीत. पडद्यावर भूभाग हिरवा, पिवळा, लाल दिसतो. खोटे इशारे घटले, तसा वैमानिकांचा नियमही कडक झाला: रात्री किंवा ढगात ‘पुल अप’ ऐकू आले, की खात्री करत बसायचे नाही. ऑटोपायलट सोडायचा, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, पंख सपाट करायचे, पंखांवरच्या फळ्या मिटायच्या आणि नाक वर घ्यायचे. चाके आणि फ्लॅप आहेत तसेच ठेवायचे. भर दिवसा जमीन स्वच्छ दिसत असेल, तरच सवलत.

तरीही २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या पठारावरील धावपट्टीकडे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान फार उंचावरून घाईने उतरू लागले, तेव्हा यंत्र पुन्हा पुन्हा ओरडत होते आणि सहवैमानिक उतरणे सोडून वर जायला सांगत होता. दोन्ही आवाज ऐकले गेले नाहीत. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १५८ जण मेले, आठ वाचले.

२०२३ पासून पश्चिम आशियावरच्या आकाशात उपग्रहांचे नकली संकेत सोडले जाऊ लागले आहेत. त्यामुळे तीस-पस्तीस हजार फुटांवर, खाली डोंगर नसतानाही, ‘पुल अप’ वाजते. अशा वेळी नकाशावर चालणारा भाग वैमानिक तात्पुरता बंद करू शकतात. पोटाखाली रेडिओ लहर सोडून जमीन मोजणारा जुना भाग तेव्हाही चालूच असतो.