पाळीव कासव : आजारपण आणि निवारा

पाळीव कासवाच्या आजारपणात औषधाला जेवढे महत्त्व असते तेवढेच, पुष्कळदा त्याहून अधिक, त्याच्या निवाऱ्याला असते. कासव शीतरक्ती आहे. त्याचे पचन, रक्ताभिसरण, रोगप्रतिकारशक्ती आणि शरीरात गेलेल्या औषधाचा परिणाम हे सारे भोवतालच्या उबेवर चालते. गारठलेल्या कासवाच्या अंगात प्रतिजैविक नीट पसरत नाही आणि पोटात गेलेले अन्न न पचता कुजते. म्हणून शुश्रूषेचा क्रम आधी ऊब, मग पाणी आणि शेवटी अन्न असा ठरलेला आहे. मायेपोटी हा क्रम उलटा करून आजारी जिवाच्या तोंडात आधी घास कोंबला जातो, आणि पुष्कळ कासवे त्यानेच दगावतात.

पुढील माहिती मुख्यतः हर्मन कासव आणि ग्रीक कासव या भूमध्यसागरी प्रदेशातील दोन भूचर जातींविषयी आहे. युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, त्या पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेल्या. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने रानातून पकडलेल्या या कासवांची व्यापारी आयात थांबवली. त्याआधी आलेल्यांपैकी असंख्य कासवे थंड, ओल्या हवेत पहिल्या काही वर्षांतच मेली. आज कासवांच्या वैद्यकात जे ज्ञान आहे, त्यातले बरेचसे या हानीतून मिळाले आहे.

कासव आजार दीर्घकाळ लपवते. खाणे कमी होणे, ऊन सोडून कोपऱ्यात बसणे, डोळे मिटलेले राहणे, उचलल्यावर पाय आत न ओढणे ही लक्षणे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर आठवड्याला ठरावीक वेळी वजन करून वहीत नोंदवले, की डोळ्यांना न दिसणारी घट आकड्यांत दिसते. वजन आणि कवचाची लांबी यांचे प्रमाण तपासण्याची पद्धत ब्रिटिश पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी या दोन जातींसाठी बसवून दिली. मात्र पोटात अंडी, मूतखडा किंवा साचलेले पाणी असले तर हे प्रमाण फसवे ठरते.

श्वसनाचे विकार सर्वांत जास्त आढळतात. कासवाला सस्तन प्राण्यांसारखे मध्यपटल नसते. पायांच्या आणि पोटाच्या स्नायूंच्या हालचालीने ते श्वास घेते, आणि त्याला जोराने खोकता येत नाही. फुप्फुसात साचलेला चिकट स्राव त्यामुळे बाहेर पडत नाही. नाकपुडीवर बुडबुडा, श्वासाबरोबर घुरघुर आणि मान लांब ताणून उघड्या तोंडाने घेतलेला श्वास ही खूण दिसल्यास उपचार त्याच दिवशी सुरू करावे लागतात. नाक वाहण्यामागे मायकोप्लाझ्मा वर्गातील जिवाणू किंवा नागीण वर्गातील विषाणू असू शकतात. ग्रीक कासव हा विषाणू अंगात बाळगूनही धडधाकट दिसू शकते, पण त्याच्यासोबत ठेवलेले हर्मन कासव मरते. दोन जाती एकत्र न ठेवण्याचे आणि नवे कासव निदान सहा महिने वेगळे ठेवण्याचे कारण हेच.

आजारी कासवाची जागा साधी असावी. अपारदर्शक बाजूंचे रुंद प्लास्टिकचे खोके उत्तम, कारण पारदर्शक काचेतून पलीकडे जाण्यासाठी कासव धडका देत राहते आणि दमते. तळाशी माती किंवा वाळूऐवजी वर्तमानपत्र अंथरतात, म्हणजे विष्ठा दिसते, जखमेत कण जात नाहीत आणि कागद रोज बदलता येतो. एका टोकाला वरून दिवा लावून ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब ठेवतात, दुसरे टोक २५ अंशांच्या सुमारास असते. कासव आपली गरज ओळखून जागा बदलते, म्हणून दोन्ही टोके हवीत आणि दोन्हीकडे तापमापीही हवा. रात्री उजेड बंद करून उजेड न देणाऱ्या सिरॅमिक तापकाने जागा २२ अंशांखाली जाऊ देत नाहीत. ऊब खालून देऊ नये. पोटाखालचा पृष्ठभाग फार तापला तरी कासव वेळेवर दूर होत नाही आणि पोटाचे कवच भाजते. डोके लपवायला एक आडोसाही लागतो, कारण सतत उघड्यावर असलेला प्राणी सावरत नाही.

ऊब मिळाल्यावर रोज १५ ते २० मिनिटे कोमट पाण्यात, हनुवटी बुडणार नाही एवढ्या खोलीत बसवावे. कासव पाणी पिते आणि बहुधा तिथेच मलमूत्र सोडते. मूत्रातला पांढरा युरेट मऊ असेल तर ठीक. तो रेतीसारखा खरखरीत लागला तर शरीर कोरडे पडले आहे. आहार त्यानंतर: जास्वंदीची पाने, फड्या निवडुंग, कोवळे गवत. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तो रोजचा आहार नव्हे. समुद्रफेसाचा तुकडा खोक्यात ठेवला की कासव लागेल तसे कॅल्शियम कुरतडून घेते. दीर्घ, धीराच्या भरवण्याने काय साधते याचे उदाहरण सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन हे महाकाय कासव आहे. सुमारे १८३२ मध्ये जन्मलेले हे कासव अंध झाले, त्याची गंधशक्ती गेली आणि चोच बोथट होऊन चरणे अवघड झाले. पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी हाताने सकस फळे-भाज्या भरवायला सुरुवात केली आणि चोचीला पुन्हा धार आली.

कवच निर्जीव ढाल नाही. वर शृंगद्रव्याचे खवले आणि खाली जिवंत हाड असते, बरगड्या व पाठीचा कणा त्यातच सामावलेले असतात. अतिनील किरण ब मिळाले नाहीत तर त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण नसतात. अतिनील दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी त्याचे किरण काही महिन्यांत घटतात, तेव्हा तो वेळोवेळी बदलावा लागतो. कवचाला तडा गेल्यास जखम स्वच्छ, कोरडी आणि माश्यांपासून दूर ठेवावी. अस्वच्छ तडा डिंकाने किंवा एम-सीलने बुजवला तर आत पू होतो. तेल चोळल्यानेही धूळ आणि बुरशीच धरते. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातील अद्वैत हे वयोवृद्ध कासव मार्च २००६ मध्ये वारले, तेव्हा त्याच्या कवचाला तडा जाऊन खाली जखम झालेली आढळली होती.

जंतांवर कुत्र्या-गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला लकवा आणून मारू शकते. शक्यतो सुई शरीराच्या पुढच्या भागात टोचतात, कारण मागच्या पायांकडील रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. अस्वस्थपणे जमीन उकरणाऱ्या मादीच्या पोटात अंडी अडकलेली असू शकतात, ती क्ष-किरण चित्रात दिसतात. आजारातून उठलेल्या कासवाला त्या वर्षी शीतनिद्रेत पाठवत नाहीत.

भारतात स्थानिक कासवे पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बंदी आहे. त्यांत तारांकित कासव येते. २०१९ मध्ये ते सायटीस या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले. असे आजारी कासव सापडल्यास महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. येथील घरांत प्रामुख्याने दिसते ते उत्तर अमेरिकेतले लाल कानाचे पाणकासव. त्याला कोरडी बैठक नसलेल्या काचेच्या भांड्यात सुक्या कोळंबीवर ठेवले जाते, आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे सुजतात. पाण्यावर एका बाजूला कलून तरंगणे ही त्याच्या न्यूमोनियाची खूण असू शकते. अशा वेळी त्याला दिवसातला बराच काळ कोरड्या, उबदार जागी ठेवून खाण्यापुरते पाण्यात सोडतात. भांड्याचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. सॅल्मोनेलाच्या संसर्गामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीला बंदी आहे. नकोसे झालेले पाणकासव तळ्यात सोडले, तर ते स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते, आणि आजारी असल्यास आपला रोगही त्यांना देते.