वकिलांचा न्याय वकिलांकडे

वाशीमच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्या आमच्या ज्ञातिबांधवांस सनदेचा हा इतिहास ठाऊक असावा. वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलेले असता वकिलाची सनद काढून घेणे न्यायालयांच्या हाती होते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने तो अधिकार वकिलांच्याच परिषदेकडे आला. वाशीम आज ज्या राज्य परिषदेच्या कक्षेत आहे, तिच्याच शिस्त समितीने मुंबईच्या काही वकिलांस, फौजदारी न्यायालयाच्या दारी अशिलांवर झडप घातल्याचा ठपका ठेवून, तीन वर्षे निलंबित केले. भारतीय परिषदेच्या समितीने मात्र त्यांस सोडिले. मग राज्य परिषदच सर्वोच्च न्यायालयात गेली. वकील सुटले, यात परिषदेचे काय बिघडले? पेच मोठा नामी! १९७५ साली सात न्यायमूर्तींनी ठरविले की, धंद्याची अब्रू राखणे परिषदेचेच काम. सबब तीसही दाद मागता येते. मात्र वकिलाचे म्हणणे ऐकल्यावाचून समितीस त्यास शिक्षा देता येत नाही, आणि शिक्षा झाल्यास साठ दिवसांत अपील करण्याची त्यास मुभा आहे.