अ‍ॅडमिरल कोलिन्यी आणि वेशीबाहेरची प्रार्थना

फ्रान्समधील धर्मयुद्धे आमच्या क्रमिक पुस्तकांत दोन ओळींत उरकली जातात. १५७२ साली ह्यूगेनॉटांची, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंटांची, कत्तल झाली. १५९८ साली नांतच्या फर्मानाने त्यांना संरक्षण मिळाले. संपले. वर्गात हे शिकवताना मला दर वर्षी एक प्रश्न छळतो : संरक्षण मिळाले ते कोणाला?

त्यासाठी गास्पार द कोलिन्यीकडे वळले पाहिजे. हा काही पीडितांच्या पोटी जन्मलेला नव्हे. जन्म १५१९चा, घराणे बड्या सरदाराचे, मामा मॉन्मोरन्सी राज्याचा सरसेनापती. १५५२ साली तो अ‍ॅडमिरल झाला. १५५७ साली सें-कांतँचा वेढा लढवताना स्पॅनिशांच्या कैदेत पडला आणि त्याच काळात नव्या पंथाकडे ओढला गेला. १५६० साली फोंतेनब्लोच्या सभेत त्याने राजापुढे प्रॉटेस्टंटांचे अर्ज ठेवले. अर्जांवर सह्या नव्हत्या. ज्या राज्यात पाखंडाला देहदंड होता तिथे सही कोण करणार?

१५६२ साली वासीला गीजच्या सरदाराच्या माणसांनी प्रार्थनेला जमलेल्यांना कापले आणि युद्ध पेटले. वर्षभराने, मार्च १५६३ मध्ये, आंब्वाझचे फर्मान निघाले. ह्यूगेनॉटांच्या बाजूने वाटाघाटी केल्या त्या राजघराण्यातल्या कोंदेने. या फर्मानाची कलमे नीट वाचावीत अशी आहेत. न्यायदानाचा वरिष्ठ हक्क असलेल्या सरदाराला आपल्या गढीत कुटुंबासह आणि रयतेसह प्रार्थनेची मुभा. त्याखालच्या जहागीरदाराला फक्त घरच्यांपुरती. आणि विणकर, चांभार, छापखान्यातला कामगार यांना? युद्धात हाती आलेली काही शहरे सोडली, तर एका परगण्यात एकच शहर, तेही वेशीबाहेर. पॅरिसमध्ये तर तेवढेही नाही. धर्म एकच, देव एकच. पण त्याच्यापुढे उभे राहण्याचा हक्क मात्र दर्जाप्रमाणे वाटलेला!

कोलिन्यी तेव्हा नॉर्मंडीत लढत होता. परतल्यावर तो कोंदेवर संतापला. गोरगरिबांच्या मंडळ्या या तहाने उघड्यावर टाकल्या, हा त्याचा आक्षेप होता. त्याच्या स्वतःच्या गढीला या फर्मानाने काहीच धक्का लागत नव्हता, म्हणून मला या संतापाचे मोल वाटते. मात्र त्याला संत करू नये. १५७० साली तुलूझच्या आसपासचा मुलूख त्याच्याच सैन्याने लुटला, जाळला. शेतकऱ्याला दोन्ही झेंडे सारखेच.

पुढचे सर्वपरिचित आहे. २२ ऑगस्ट १५७२ला त्याच्यावर गोळी झाडली गेली, तो वाचला. नववा चार्ल्स राजा विचारपूस करायला स्वतः येऊन गेला. २४ तारखेला पहाटे त्याला ठार करून खिडकीतून खाली फेकले. पॅरिसमध्ये दोन-तीन हजार माणसे मारली गेली.

त्यांत एक प्राध्यापक होता. पिएर द ला रामे. आजोबा कोळसे पाडणारे, बाप शेतमजूर. नावारच्या विद्यालयात श्रीमंत विद्यार्थ्याचा नोकर म्हणून राहिला, दिवसा राबला, रात्री शिकला. अ‍ॅरिस्टॉटलवर टीका केली म्हणून १५४४ साली राजाने त्याला तत्त्वज्ञान शिकवायला बंदी घातली, आणि १५५१ साली तोच राजनियुक्त प्राध्यापक झाला. २६ ऑगस्टला, कत्तलीच्या तिसऱ्या दिवशी, मारेकरी त्याच्या अभ्यासिकेत शिरले. त्याला राखायला गढी नव्हती.